काळ्या काचेचा इतिहास : ‘किती’ आणि ‘आहे की नाही’

आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं गाडीच्या काचेशी काय काम? आमचं म्हणणं असं, की सिल्व्हर पार्कच्या रस्त्यालगत उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या मागच्या काचेत कायद्याचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. तो नीट दिसावा म्हणून आधी काच आणि फिल्म समजून घेऊ.

ही फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. हे पॉलिएस्टर व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनतज्ज्ञांनी 1941 मध्ये शोधलं. ऊन अडवणारी फिल्म 1960 च्या दशकात अमेरिकेत आली, ती आधी इमारतींच्या खिडक्यांसाठी. तिथून ती गाड्यांवर आली. दाराची काच बरीचशी सपाट असते, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही. खरी परीक्षा मागच्या काचेवर होते.

घरी एखाद्या मडक्याला कागद चिकटवून बघा. चुण्या पडणारच. मागची काच अशीच आडवी आणि उभी, दोन्हीकडे वळलेली असते. मग कारागीर काय करतो? काचेच्या बाहेरच्या अंगावर फिल्म अंथरतो. चुण्या वर आणि खाली गोळा करतो. हीट गनची गरम हवा देतो, की त्या चुण्या आकसून बसतात. याचं कारण फिल्मच्या जन्मात आहे. कारखान्यात ती ताणून बनवलेली असते. उष्णता लागली की तो ताण सुटतो आणि ती पुन्हा आखडू पाहते. पण मुख्यतः एकाच दिशेने, म्हणजे गुंडाळी उलगडते त्या दिशेने. फिल्म आडवी-उभी चुकीची धरली, तर कितीही गरम करा, चुणी जात नाही. जास्त गरम केली तर फिल्म जळते. हा आकार घेतलेला तुकडा मग साबणाच्या पाण्याने आतल्या बाजूला चिकटवायचा.

त्यातही दोन जागा त्रासाच्या. एक, काचेच्या कडेची काळ्या ठिपक्यांची पट्टी. ते ठिपके किंचित वर उठलेले असतात, त्यामुळे फिल्म त्यांच्यामध्ये टेकत नाही आणि कडेला पांढुरकी रेघ दिसत राहते. दुसरी, धुकं घालवणाऱ्या बारीक तारा. त्या काचेच्या आतल्या अंगावरच असतात. चिकटवताना त्या सांभाळता येतात. पण फिल्म काढताना ब्लेड फिरवलं तर त्या तुटतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कायद्याकडे वळू. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 100 सांगतो, की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. म्हणजे प्रश्न ‘किती’ असा होता. दुकानात मात्र त्याचं भलतंच झालं. डब्यावर 50 लिहिलं म्हणजे नियमात बसलं, असा समज पसरला. हिशेब करा. मूळ काच 75 टक्के प्रकाश सोडते असं धरू. तिच्यावर 50 टक्क्यांची फिल्म लावली तर आत येतो साडेसदतीस टक्के. इथे बेरीज-वजाबाकी चालत नाही, गुणाकार होतो. आणि हा गुणाकार रस्त्यावर करणार कोण? हवालदाराच्या हातात प्रकाश मोजायचं यंत्र नसेल, तर त्याने डोळ्यांनी ठरवायचं. कुठल्या दाण्यापासून ढीग सुरू होतो, हा ग्रीकांचा जुना प्रश्न. इथे तो चौकात उभा राहिला : कुठल्या छटेपासून काच ‘काळी’?

अभिषेक गोयंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी निकाल दिला. काळ्या काचांआड गुन्हे होतात, ही याचिकेतली मुख्य तक्रार होती. न्यायालयाने म्हटलं, की नियमातली टक्केवारी काच बनतानाची आहे. नंतर तिच्यावर काहीही चिकटवायचं नाही, मग त्यातून कितीही प्रकाश पार होवो. 4 मेपासून अंमल सुरू झाला. फिल्म बनवणाऱ्यांची बाजूही ऑगस्टमध्ये फेटाळली गेली.

बघा काय झालं! ‘किती’ हा प्रश्नच गेला. उरला तो ‘आहे की नाही’. आणि हे ठरवायला यंत्र लागत नाही. काचेच्या कडेला नख लावलं की पुरे. ज्या कडेवर कारागिराचं कसब पणाला लागायचं, तीच कड आता पुरावा झाली. मे महिन्याच्या उन्हात फिल्मा सोलल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर कित्येक काचांवरच्या ताराही. कसब असलेल्या हातांचं काम एका तारखेने बेकायदा ठरलं.

म्हणून निकाल चुकला, असं आम्ही म्हणत नाही. त्याच वर्षी 16 डिसेंबरला दिल्लीत ज्या बसमध्ये तो भीषण अत्याचार झाला, तिच्या काचा काळ्या होत्या आणि आत पडदे होते. आत बसलेल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, ही एकतर्फी नजर भीतीदायक असते. पण ती बस बंदी लागू झाल्यानंतरही रस्त्यावर धावत होतीच ना? सोपा नियमसुद्धा कुणीतरी तपासावा लागतो.

पुढे 2020 मध्ये नियम 100 बदलला. 1 एप्रिल 2021 पासून सुरक्षा काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’, म्हणजे आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही मान्य झाली. 70 आणि 50 चे आकडे कायम राहिले. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं, की या मर्यादेत बसणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. म्हणजे आपण फिरून ‘किती’पाशी आलो.

आता हा प्रश्न पेलायचा तर तीन हात लागतील. हवालदाराच्या हातात प्रकाश मोजायचं यंत्र हवं. दुकानदाराने डब्यावरचा आकडा न दाखवता काच आणि फिल्म मिळून किती प्रकाश जातो, ते मोजून दाखवावं. आणि गाडीच्या मालकाने पैसे देण्याआधी तो आकडा मागावा. यातलं एक जरी राहिलं, तरी समाज पुन्हा ‘आहे की नाही’कडे वळेल. कारण जे मोजायचा आपण कंटाळा करतो, ते शेवटी सरसकट बंद करावं लागतं. आणि त्याची किंमत गुन्हेगाराच्या आधी तो हीट गन धरणारा पोरगा मोजतो.