नाव कोणाचे पुकारायचे?

वाचकहो, गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. कॉलेजात असताना इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारा हा मुलगा आता एक टेम्पो, आठ स्पीकर आणि एक जनरेटर यांचा मालक झाला आहे. लग्ने, बारशी, शाळांची संमेलने, जत्रेतले कार्यक्रम, जिथे बोलावणे येईल तिथे तो आपला सरंजाम घेऊन जातो. आजच्या भाषेत त्याला डीजे म्हणतात.

चहा झाल्यावर तो जरा चाचरत म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. शहरात एक जण नावाची जिंगल करून देतो. भारदस्त आवाज, मागं संगीत, आणि त्यात माझं नाव. गाण्यांच्या मधूनमधून वाजवायची. सगळेच वाजवायला लागलेत. मी घेऊ का करून?"

"अरे, हे मला काय विचारतोस? मी इतिहास शिकवणारा माणूस."

"म्हणूनच विचारतो. तुम्हीच सांगायचा ना, एखादी रीत दिसली की ती पहिल्यांदा कोणाला लागली आणि कशासाठी लागली, ते आधी बघावं."

शिक्षकाला त्याचेच वाक्य परत ऐकवले की पळायला वाट राहत नाही. शिवाय तो डुलक्या घेत होता हा माझा समज खोटा ठरला, याचाही आनंद झालाच. त्या दिवशी आमचे जे बोलणे झाले, तेच जरा नीटनेटके करून आपणांपुढे ठेवतो.

चारचौघांत नाव पुकारायची रीत आपल्याकडे जुनीच. गावात दवंडी पिटली जाई. दवंडीवाला आधी हलगी वाजवून लोकांचे कान आपल्याकडे वळवी आणि मग काय ते सांगे. पण तो स्वतःचे नाव कधी सांगत नसे. नाव असे ते ज्याचा हुकूम त्याचे, किंवा ज्याची जत्रा त्या देवाचे. दवंडीवाल्याला सारा गाव ओळखतच असे; त्याने नाव सांगायचे कोणाला?

कवीचे मात्र तसे नव्हते. त्याची रचना या गावाहून त्या गावाला तोंडातोंडी जाई. कर्ता मागे राही आणि कवन पुढे निघून जाई. म्हणून अभंगाच्या शेवटी संतांची आणि लावणीच्या, पोवाड्याच्या शेवटी शाहिरांची नाममुद्रा आली. होनाजी बाळा हे नाव आपण एका माणसाचे समजतो. पण होनाजी शेलारखाने कवने रची आणि बाळा करंजकर ती गाई. दोघांची नावे त्या मुद्रेत अशी जुळली की ती आजवर सुटली नाहीत. यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. नाव येई ते बहुधा शेवटी, आणि एकदाच. आधी कवन ऐकवायचे, मग कर्त्याचे नाव सांगायचे.

पुढे तबकडी आली. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या त्यांच्या तबकड्या ऐकल्यात तर गाणे संपता संपता त्या मोठ्या झोकात इंग्रजीतून आपले नाव सांगताना ऐकू येतात. पुष्कळांना तो नखरा वाटतो. पण त्याचे कारण व्यवहारी होते असे सांगतात. मुद्रण व्हायचे हिंदुस्थानात आणि तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना ना आपली भाषा कळे, ना गाणाऱ्याचा चेहरा ठाऊक. कोणते गाणे कोणाचे, हे त्यांनी ओळखायचे कसे? म्हणून गाणाऱ्यानेच आपले नाव सांगून ठेवायचे. पुढे सगळी व्यवस्था बसली, छापील नावांवर काम भागू लागले आणि ही ललकारी हळूहळू बंद पडली. गरज संपली, रीत संपली.

तबकडीनंतर नभोवाणी. मुंबईचे केंद्र 1927 साली सुरू झाले आणि ऑल इंडिया रेडिओ हे नाव 1936 साली आले. पहाटे प्रक्षेपण सुरू होण्याआधी वाजणारी ती आकाशवाणीची धून आपल्यापैकी कित्येकांच्या लहानपणाचा भाग आहे. नाझींच्या छळापायी युरोप सोडून मुंबईला आलेले वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर ती धून सांगितली जाते. ती का लागली? ऐकणारा आपल्या घरात बसलेला. त्याने बटण फिरवले की अंधारात चाचपडल्यासारखे होई. काटा कुठे लागला, हे केंद्र कोणते, कार्यक्रम सुरू झाला की व्हायचाय, हे त्याला कळायला काहीतरी खूण हवी होती. ती खूण म्हणजे ही धून.

अमेरिकेत या खुणेचा व्यापार झाला. 24 डिसेंबर 1926 रोजी मिनिआपोलिस शहरातल्या केंद्रावरून चौघा पुरुषांनी न्याहारीच्या एका गव्हाच्या पदार्थाची तारीफ गाऊन दाखवली. गाऊन केलेल्या जाहिरातीची ती सुरुवात मानतात. मग केंद्रेच स्वतःची नावे गाऊन घेऊ लागली. त्यालाही कारण होते. कोणते केंद्र किती ऐकले जाते याची पाहणी होई, तेव्हा लोकांना विचारत, तुम्ही कोणते केंद्र ऐकत होता? ज्याचे नाव आठवेल त्याच्या पदरात ते माप पडे, आणि त्यावर जाहिरातीचा पैसा ठरे. तेव्हा नाव घोकून घोकून कानात बसवणे हा पोटापाण्याचा प्रश्न झाला. 1951 साली डॅलस शहरात पॅम्स नावाची कंपनी निघाली. ती एक चाल बांधी आणि गावोगावच्या केंद्रांना विकी. चाल तीच, फक्त नाव त्या त्या केंद्राचे. जिंगल म्हणतात ती या घरची लेक. आपल्याकडे विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे जाहिराती सुरू झाल्या आणि मराठी कानांनाही जिंगलची ओळख झाली.

इथवर ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "पण सर, हे सगळं रेडिओचं झालं. माझं काम तर मांडवात."

बरोबर आहे. आता मांडवाकडेच येऊ. गावोगाव तबकड्या घेऊन फिरणारा हा धंदा तसा अलीकडचा. इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात रॉन डिगिन्स नावाच्या गृहस्थाने 1949 साली दोन तबकड्यांचा फिरता संच बांधला, त्याला आपल्या आडनावावरून 'डिगोला' असे गमतीचे नाव दिले आणि तो संच घेऊन तो नाचगाण्याच्या कार्यक्रमांना जाऊ लागला. त्याच सुमारास, 1950 च्या आसपास, तिकडे जमैका बेटावर किंग्स्टन शहरात मोकळ्या जागांत मोठमोठे स्पीकर लावून गाणी वाजवायची चाल पडली. वाद्यवृंद बोलावणे गरिबांना परवडत नसे, साउंड परवडे. काउंट माचुकी नावाने ओळखला जाणारा एक निवेदक तिथे तबकड्या लावता लावता माईकवर बोलू लागला. धाटणी अमेरिकन नभोवाणीची, पण बोलणे समोरच्या माणसांशी. समोर कोण नाचतो आहे, कोण नुसताच कोपऱ्यात उभा आहे, ते बघून शब्द जुळवायचे.

याच किंग्स्टनने मुद्रित नावाचीही एक नवी रीत काढली. ज्याचा साउंड तो एखाद्या गायकाकडून आपल्या साउंडचे नाव गुंफलेले गाणे गाऊन घेई आणि त्याची एकच मऊ तबकडी काढून घेई. तिला डबप्लेट म्हणतात. ती थोड्या वेळा वाजवली की झिजून जाई, म्हणून जपून वाजवीत. दोन साउंडवाल्यांचा सामना लागला की हुकमी पान टाकावे तशी ती काढायची. म्हणजे मुद्रण होते, पण ते त्या एका साउंडसाठी, मोक्याच्या वेळेसाठी केलेले. डॅलसच्या चालीत नुसते नाव बदलून भागे, तसे इथे भागत नसे.

जमैकातच जन्मलेला डीजे कूल हर्क पुढे न्यूयॉर्कला गेला. 11 ऑगस्ट 1973 रोजी ब्राँक्स भागातल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत त्याच्या बहिणीने कार्यक्रम ठेवला होता. शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि तिला नव्या कपड्यांपुरते पैसे हवे होते. हिपहॉप संगीताचा जन्म त्या रात्री झाला असे आता मानतात. हर्कचा जोडीदार कोक ला रॉक माईकवर काय करी? जमलेल्या मित्रांची नावे घेई! आपल्या तमाशात दौलतजादा झाला की देणाऱ्याचे नाव बोर्डावरून पुकारतात आणि मग तो गडी चार दिवस छाती काढून हिंडतो. ब्राँक्स आणि आपला फड यांत सातासमुद्रांचे अंतर. पण भर गर्दीत आपले नाव ऐकले की माणसाला जे वाटते ते दोन्हीकडे सारखेच.

आता या सगळ्याचा मेळ घाला. नाव मुद्रित करून ठेवायची पाळी कोणावर आली? ज्याला ऐकणारा दिसत नाही त्याच्यावर. हॅनोव्हरच्या कामगाराला गौहर जान दिसत नव्हत्या आणि केंद्राला श्रोता दिसत नव्हता. मांडवात मात्र तुमच्यापुढे दोनशे माणसे बसली आहेत. तिथे कोणी काटा फिरवून दुसऱ्या केंद्रावर जात नाही. जिंगल ज्या अडचणीतून निघाली ती अडचणच तिथे नाही.

हे मी बोललो खरा, पण त्या मुलाचेही एक म्हणणे होते आणि ते खोडून काढण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, "सर, लग्न झालं की लोक आचाऱ्याचं नाव काढतात. मांडववाल्याचं नाव कमानीवर असतं. माझं कोण घेतो? आणि इंटरनेटवरनं उतरवलेली रीमिक्स गाणी लावली तर त्यात मध्येच दुसऱ्याच डीजेचं नाव पुकारलं जातं. मेहनत माझी, डिझेल माझं, आणि नाव त्याचं!"

मला हसू आले आणि वाईटही वाटले. हा पोटाचा प्रश्न आहे. त्याची हेटाळणी करणारा मी कोण? शाहिराने नाव घातले ते तरी का? आपले कवन दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणूनच ना?

पण मला एक प्रसंग आठवत होता, तो मी त्याला सांगितला. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या संमेलनाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. तीस वर्षे त्या शाळेची घंटा वाजवणाऱ्या, पाणी भरणाऱ्या सेविकाबाई त्या दिवशी निवृत्त होत होत्या. मुख्याध्यापकांनी त्यांचे नाव घेतले. बाई पदर सावरत पायऱ्या चढू लागल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांचे पुरे नाव, बापाच्या नावासकट, माईकवरून निघाले होते. तेवढ्यात साउंडवाल्याचे बोट कुठल्या तरी बटणावर पडले आणि स्पीकरमधून कडाड्कन त्याच्याच नावाची गर्जना झाली. पोरे खो खो हसली. बाईंना वाटले, आपलेच काही चुकले. त्या दोन पायऱ्या मागे उतरल्या. नंतर सत्कार झाला, शाल दिली, टाळ्याही पडल्या. पण नाव पुन्हा कोणी घेतले नाही.

तो साउंडवाला वाईट माणूस नव्हता. त्याच्या जिंगलेला दिसत नव्हते, एवढेच. पायऱ्यांवर कोण आहे, ही वेळ कोणाची आहे, ते तिला कळायला मार्ग नाही.

माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे घेऊच नको म्हणता?"

मी म्हटले, "तसं मी म्हणत नाही. आवाज भरून ठेवला म्हणजे लगेच पाप झालं, असं नाही. अमीन सयानींचा गीतमालेचा कार्यक्रम 1952 पासून रेडिओ सिलोनवरून लागायचा. तो मुंबईत मुद्रित होऊन कोलंबोला जायचा. तरी घरोघरी माणसांना वाटायचं, हा आपल्याशीच बोलतोय. कारण तो दर आठवड्याला नव्यानं बोलायचा. तू जिंगल घे, पण तिला वेळ ठरवून दे. मंडळी जमत असतात तेव्हा सुरुवातीला एकदा, आणि सगळं आटोपल्यावर उठताना एकदा. मधे नाही. मधे माईक आहे आणि तुला तोंड आहे. गाणी मूळची लाव, म्हणजे दुसऱ्याचं नाव पुकारायला नको. टेम्पोवर आणि स्पीकरवर आपलं नाव ठळक रंगवून घे. आणि एक वही ठेव. कार्याच्या आधी यजमानाकडे जा आणि नावं लिहून घे. नवरानवरीची तर घेच. पण आजीचं, मामाचं, लांबून आलेल्या आत्याचं, पंगत वाढणाऱ्या पोरांचंही घे. उच्चार विचारून घे. लोकांची नावं तू नीट घेतलीस, तर तुझं नाव लोक घेतील."

शेवटच्या वाक्याची मला तितकीशी खात्री नव्हती, हे आपणांपाशी कबूल करतो. प्राध्यापकाला धंद्यातले काय कळणार? पण सांगून तर बसलो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत संमेलन ठरेल तेव्हा साउंडवाल्याशी दराची बोलणी करताना हेही एक बोलून घ्या. त्याचे नाव आरंभी आपणच मानाने जाहीर करा, म्हणजे त्याला ते मधे ओरडून सांगावे लागणार नाही. आणि ज्यांचा सत्कार आहे त्यांच्या नावांचा कागद आदल्या दिवशी त्याच्या हाती द्या.

माघ महिन्यात तो मुलगा पुन्हा आला. जिंगल करून घेतली होती, मला ऐकवली. आवाज फारच भारदस्त होता, इतका की तो त्याच्याबद्दलच बोलतो आहे यावर माझा विश्वास बसेना. मग त्याने पिशवीतून वही काढली. अकरा लग्नांची नावे तीत लिहिलेली होती. एका पानावर एका आजीच्या नावापुढे त्याने कंसात लिहून ठेवले होते: "ऐकू कमी येते. जवळ जाऊन घेणे."