पडद्यावरील पाऊस

शत्रूची विमाने हुडकण्याकरिता सिद्ध झालेले यंत्र आज पावसावर पाळत ठेवते, ही गोष्ट वरवर पाहणाऱ्यास चमत्कारिक वाटते. परंतु रडारचा पूर्वेतिहास ध्यानी घेतला म्हणजे हे यंत्र परक्या घरी गेले नसून आपल्या माहेरीच परत आले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. ज्या रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्याकडे त्याचे जनकत्व जाते, ते मूळचे ब्रिटिश हवामानखात्यातले. विजेपासून उठणाऱ्या रेडिओलहरींवरून गडगडाटी वादळाची दिशा ओळखावी आणि वैमानिकांस वेळीच सावध करावे, हा त्यांचा पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचा उद्योग होता. पुढे २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेन्ट्रीनजीक त्यांनी विमानावरून परतणाऱ्या लहरी पकडून दाखविल्या आणि राज्यकर्त्यांचे लक्ष तिकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात या लहरींची लांबी दहा सेंटिमीटरांपर्यंत खाली आली, तेव्हा पडद्यावर विमानांच्या जोडीला पावसाच्या सरीही उमटू लागल्या. लढणारांस ती एक ब्याद वाटली. हवामानशास्त्रज्ञांस मात्र घरबसल्या दूरचा पाऊस दिसू लागला!

या दिसण्यासही मर्यादा आहेत. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्याचा प्रतिध्वनी चौसष्टपट होतो. म्हणजे थोडेसे टपोरे थेंब असंख्य बारीक थेंबांपेक्षा मोठ्याने ओरडतात, आणि गारा तर सर्वांहून अधिक. या गोंगाटातून पावसाचे माप कसे काढावे, याचे सूत्र मार्शल व पामर यांनी १९४८ साली कॅनडात मांडले. त्यांचे ऋण आजही फिटलेले नाही. शिवाय पृथ्वी वाटोळी असल्यामुळे शलाका जसजशी दूर जाते तसतशी ती जमिनीपासून उंच होत जाते, आणि तिच्याखालून बरसणारा पाऊस तिला दिसत नाही.

परंतु यंत्रास दिसणे निराळे आणि गावास समजणे निराळे. हा भेद कोठे स्पष्ट पाहावयाचा असेल, तर तो टेक्सासमधील गॅल्व्हस्टन या बेटावरील शहराच्या इतिहासात पाहावा. ८ सप्टेंबर १९०० रोजी या शहरावर समुद्र चढून आला व किमान सहा हजार माणसे गेली. तारायंत्र होते, वायुभारमापक होते, इशाऱ्याची निशाणेही होती. तथापि शहराच्या मनात भय नव्हते. तेथील हवामान-अधिकारी आयझॅक क्लाइन यांनीच १८९१ साली वर्तमानपत्रात लेख लिहून, वादळापासून या शहरास मोठा धोका नाही असा निर्वाळा दिला होता. त्या रात्री त्यांची पत्नीही पाण्यात गेली. विद्वानाच्या निर्वाळ्यावर लोकांनी किती विसंबावे, हा प्रश्न आम्हां अध्यापकांस तरी अस्वस्थ करणारा आहे.

यानंतर एकसष्ट वर्षांनी, सप्टेंबर १९६१ मध्ये, कार्ला नावाचे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्याकडे निघाले. आता गॅल्व्हस्टनच्या हवामान-कचेरीत रडार होते. डॅन रॅदर हा तिशीच्या आतला वार्ताहर दूरचित्रवाणीचा कॅमेरा घेऊन तेथे पोहोचला आणि त्याने पडद्यावरील ते फिरते चक्र प्रेक्षकांना थेट दाखविले. नुसते चक्र दाखवून भागले नसते. जाणकारावाचून इतरांस त्यात पांढऱ्या धुरापलीकडे काय दिसणार? म्हणून पारदर्शक तावावर मेक्सिकोच्या आखाताची किनाररेषा काढून घेऊन ती पडद्यावर धरण्यात आली. त्याबरोबर वादळाचा अवाढव्य विस्तार लोकांच्या ओळखीच्या भूगोलावर येऊन बसला. आपले गाव कोठे व ते चक्र कोठे, हे प्रत्येकास स्वतःच्या डोळ्यांनी मोजता आले. तीन लाखांहून अधिक लोक किनारा सोडून आत गेले. कार्ला ११ सप्टेंबरला पोर्ट ओकॉनरजवळ जमिनीवर आले, आणि इतक्या मोठ्या वादळात मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. हे सारे श्रेय त्या एका तावास देणे अतिशयोक्तीचे होईल. तटबंदी होती, मोटारी होत्या, सरकारी यंत्रणाही जागी होती. तरी आमच्या मते रडारच्या इतिहासात त्या तावाचे स्थान मार्शल-पामर यांच्या सूत्राच्या खाली नाही.

नऊ वर्षांनी, नोव्हेंबर १९७० मध्ये, बंगालच्या उपसागरातील भोला वादळ कॉक्सबझारच्या रडारवर दिसत होते. ते चित्र मेघनेच्या मुखाशी असलेल्या बेटांवरच्या कोळ्यांपुढे व शेतकऱ्यांपुढे धरणारे कोणी नव्हते. लक्षावधी माणसे मेली.

आमच्याकडे पहिले वादळवेधी रडार १९५४ साली कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर बसले; ढगातील वाऱ्याचा वेगही सांगणारे डॉप्लर जातीचे पहिले रडार २००२ साली चेन्नईस आले. मुंबईस मात्र त्याआधी २६ जुलै २००५ चा दिवस पाहावा लागला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि कुलाब्यास अवघी ७३! एकाच शहराची ही दोन टोके, मध्ये पंचवीसेक किलोमीटरांचे अंतर. दक्षिणेकडील कचेऱ्यांतून निघालेल्या माणसाच्या डोक्यावर साधारण आषाढातला पाऊस होता; आपण कशात चाललो आहोत याची त्यास कल्पना असण्याचे कारणच नव्हते. कित्येक जण बंद मोटारीत गुदमरले, कित्येक रात्रभर कमरेइतक्या पाण्यातून चालत राहिले. रडारने मिठी नदीचे पाणी ओसरले नसते, हे उघड आहे. परंतु उपनगरांवर ठाण मांडलेला ढग हलत नाही, एवढे दिसते, तर कचेरीतच रात्र काढण्याची बुद्धी हजारोंस झाली असती. कुलाब्यास डॉप्लर रडार येण्यास त्यानंतर सुमारे पाच वर्षे लागली. वेरावलीचे दुसरे रडार जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले.

आता हे चित्र ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनवर येते, आणि येथेच नवी अडचण उभी राहते. तांबडा रंग पाहून धावत सुटणारे पुष्कळ. लागोपाठची चार चित्रे पाहून ढग कोणत्या दिशेने सरकतो आहे, की जागच्या जागी नवा नवा भरतो आहे, हे ताडणारे थोडे. चित्र काही मिनिटे शिळे असते, डोंगराचा प्रतिध्वनीही कधी पावसाचे सोंग घेतो, आणि सह्याद्रीच्या आडचा पाऊस किनाऱ्यावरील यंत्रास पुरता दिसत नाही, हे शाळेतील भूगोलाच्या तासास सहज सांगता येईल. मुंबईकरास तर आणखी एक कागद जवळ ठेवावा लागेल, तो भरती-ओहोटीच्या वेळांचा. २००५ च्या त्या दुपारी भरती होती, आणि समुद्राने नाल्यांची तोंडे अडविली होती. पाऊस, भरती व सखल वस्त्या एकत्र मांडून पुराचा अंदाज देणारी प्रणाली मुंबईत २०२० पासून आहे. रॅदरच्या तावावर किनाररेषा होती, तशी कुर्ल्याच्या चाळीत राहणाऱ्यास आपली गल्ली तीत ओळखता येते काय, हे आम्ही विचारून पाहू.