खांद्याचा हिशेब : प्रस्तावना

धरमतरच्या खाडीत उतरायचे आणि थेट मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाला पाण्याबाहेर यायचे, हा सुमारे ३५ किलोमीटरचा पल्ला आपल्याकडच्या सागरी जलतरणाची जुनी कसोटी आहे. शाळकरी मुलामुलींनीही तो पार केला आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अंतर आणि वेळ छापून येते. खांद्याची विचारपूस कोणी करत नाही. नियमित व्यायामातल्या दुखापती टाळण्याचे शास्त्र त्या विचारपुशीपासूनच सुरू होते.

मिनिटाला साठ हात या गतीने आठ तास पोहले, तर २८,८०० हात होतात. म्हणजे एकेका खांद्याला १४,४०० फेरे. खांद्याची खोबण उथळ आणि त्यात बसणारा हाडाचा गोळा मोठा. तो जागेवर धरायचे काम चार लहान स्नायू करतात. ते थकले की गोळ्याची जागा किंचित हलते आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांवर ताण येतो. केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी १९७४ मध्ये या दुखण्यावर लिहिले, तेव्हा त्याला ‘स्विमर्स शोल्डर’ म्हटले. कंडरा वरच्या हाडाखाली घासतात, हा तेव्हाचा भर. पुढे लक्ष सरावाच्या ओझ्याकडे वळले, आणि ते बरे झाले. कारण हाडाची ठेवण आपल्या हातात नसते, सराव असतो.

तलावात पोहणाऱ्याला दर २५ मीटरला भिंत मिळते. वळून पायाने रेटा दिला की खांद्याला दोन क्षण उसंत. खाडीत भिंत नाही, आणि सोबतच्या होडीला हात लावला तर मोहीम बाद. म्हणून तलावातला किलोमीटर आणि समुद्रातला किलोमीटर सरावाच्या वहीत एकाच रकान्यात मांडू नये. त्यात ओहोटीचे पाणी साथ देते तोवर ठीक. पाणी फिरले की पोहणारा हात भराभर मारू लागतो, अंगठा खाली करून पाण्यात खुपसतो, एकाच बाजूला श्वास घेतो. खांदा बिघडतो तो अशा थकलेल्या हातांनी. (काखेत आणि मानेला मिठाने सोलवटते, त्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर पुरतो.)

बडोद्याहून आबासाहेब मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. व्यायाम कसा करावा यावर मराठीत भरपूर लिहिले गेले. कधी थांबावे, यावर त्या मानाने फारच थोडे. ‘दुखतंय? पोहलास की मोकळा होशील,’ हे वाक्य अजूनही तलावाच्या काठावर सर्रास ऐकू येते, आणि माझ्या मते तेच सर्वांत महाग पडते. अंग भरून येणे एकदोन दिवसांत ओसरते. खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे, रात्री त्या कुशीवर झोपू न देणारे, ही निराळी गोष्ट आहे. तिथे दुसऱ्या दिवशीचा सराव कमी करायचा आणि डॉक्टरांना दाखवायचे.

या विषयात नव्याने येणाऱ्याला शरीररचनेची धास्ती वाटण्याचे कारण नाही. पोहणारा नसून सूर्यनमस्कार घालणारा किंवा पहाटे धावणारा असाल, तर खांद्याच्या जागी गुडघा, घोटा किंवा कंबर घ्या; ओझे हळूहळू वाढवण्याचा नियम तोच. मुलांच्या पालकांनी मात्र आधी वाढत्या हाडांविषयी वाचावे. हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा अजून कच्ची असते, आणि दुखतंय हे मूल प्रशिक्षकाच्या आधी बहुधा घरीच सांगते.