पेटी मोठी की वॅट मोठे?

स्पीकर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार हमखास पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचे दाखवू?" आता स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसू शकतो त्याचा आकडा. तो किती मोठ्याने वाजेल याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. जेवणावळीत कोण किती लाडू रिचवतो ते बघून त्याला शेतावर कामाला ठेवावं, तसा हा प्रकार. पण प्रश्न मात्र पिढ्यानपिढ्या तोच चालू आहे आणि सध्या आमच्या घरात जो वाद पेटलाय त्याचं मूळही त्याच प्रश्नात आहे.

वाद असा. पुण्यातलं आमचं जुनं घर बिल्डरच्या ताब्यात जातंय. दादा-वहिनी फ्लॅटमध्ये जाणार. बाबांनी साठच्या दशकात मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या मारून, एकेक सुटा भाग जमवून, व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर स्वतः जोडला होता. दहा वॅटचा, एकाच चॅनेलचा, म्हणजे मोनो. त्याला जोडलेला १२ इंची स्पीकर सुताराकडून करून घेतलेल्या पेटीत बसवलाय. पेटी म्हणजे छोटं कपाटच. दादाचं म्हणणं, ॲम्प्लिफायर ठेवू, दिवे लागल्यावर काय सुंदर दिसतो. पेटी देऊन टाकू आणि त्याला आजकालचे छानसे छोटे स्पीकर जोडू. ऐकायला किती समंजस वाटतं! पण हे लग्न मोडून दुसरं लावण्यासारखं आहे आणि पत्रिका जुळत नाही. का जुळत नाही ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. दादा, पूर्ण वाच, मग फोन कर.

आज घराघरांत असतो तसा शंकूचा स्पीकर आला तो १९२५ साली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी तो लोकांपुढे मांडला. कागदाचा शंकू, त्याच्या शेपटाला तारेचं वेटोळं आणि भोवती चुंबक. शंभर वर्षं झाली, तत्त्व अजून तेच आहे. त्याचा दोषही तोच राहिलाय. हवा इतकी विरळ की शंकू कितीही हलला तरी तिला पुरेसा धक्का देता येत नाही. साधा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो, बाकीची नुसती उष्णता.

आणि त्या काळी वीज म्हणजे ॲम्प्लिफायरची ताकद होती भलती महाग. १९३०च्या दशकातल्या सिनेमा थिएटरांचं नवल वाटतं. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या काही ॲम्प्लिफायरची ताकद जेमतेम आठ वॅट! आज टेबलावरच्या खेळण्यातल्या स्पीकरला याहून जास्त असते. मग सगळं थिएटर कसं भरायचं? कर्ण्याने. पडद्यामागे माणूस आत उभा राहील एवढे कर्णे असत. आपल्याला कर्णा म्हटलं की ग्रामोफोन आणि त्याच्यापुढे बसलेला कुत्रा आठवतो, पण कर्णा म्हणजे खरं तर आवाजाचा गिअर. छोट्या पडद्याची धडपड तो मोठ्या हवेपर्यंत पोचवतो. वॅट नव्हते म्हणून आकारमान होतं, एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच देवघेवीची आहे.

ही देवघेव घरात आणली पॉल क्लिप्श या अवलिया इंजिनियरने. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात होप नावाच्या गावी त्याने १९४६च्या सुमारास स्पीकर बनवायला सुरुवात केली. त्याची पेटी फक्त कोपऱ्यात ठेवायची. आत कर्णा घडी घालून बसवलेला आणि त्याचा पुढचा भाग म्हणजे खोलीच्या दोन भिंती! घरच कर्ण्याचं तोंड झालं.

इकडे ॲम्प्लिफायरही सुधारत होता. बेल लॅब्जमधल्या हॅरॉल्ड ब्लॅकला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने आकृती काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून आत द्यायचा म्हणजे ॲम्प्लिफायर स्वतःच्या चुका स्वतः खोडतो. (ही सोय माणसांत असती तर?) त्याच वाटेवर १९४७ साली विल्यमसन या इंग्लिश... नव्हे, ब्रिटिश म्हणू या, पुढे तो एडिंबरोला होता... तर या विल्यमसनने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. अशुद्धता ०.१ टक्क्याच्या आत. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी जोडला. मुलार्ड कंपनीचा '५-१०' हा त्याच परंपरेतला, जरा स्वस्तातला: पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. बाबांचा ॲम्प्लिफायर तो हाच. पाच हजारांच्या कॅमेऱ्याला पन्नास हजारांची लेन्स लावावी, तशी त्याला मोठी पेटी लावणं बाबांनाच सुचलं असं नाही. दहा वॅटमध्ये घर भरायचं तर मोठी पेटी हवी, हे तेव्हाचं सर्वसाधारण व्यवहारज्ञान होतं.

मग १९५४ आलं आणि या सगळ्याला कलाटणी मिळाली. एडगर व्हिल्चर हा न्यूयॉर्कमध्ये शिकवणारा गृहस्थ. त्याच्या डोक्यात असं आलं, की शंकूला जागेवर परत ओढणारी जी कडेची लवचीक पट्टी असते तीच जरा जास्त ताणली की वेडीवाकडी वागते आणि खर्ज बिघडवते. मग तिला जवळजवळ सैलच सोडली तर? पेटी हवाबंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग करायचं. पहिल्या नमुन्यासाठी त्याच्या बायकोने, रोझमेरीने, गादीच्या अभ्र्याच्या कापडाची कडा शिवून दिली होती. हेन्री क्लॉस या त्याच्या विद्यार्थ्याबरोबर त्याने अकूस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली, आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतून कपाटाएवढ्या पेटीला लाजवणारा खर्ज यायला लागला.

फुकट नाही हं. या छोट्या पेट्या वॅट खात. क्लॉसने पुढे १९५७ साली दुसरी कंपनी काढली, त्यातला एक भागीदार होता हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा मुलगा. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम मला फार आवडतो: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणतेही दोनच मिळतील. स्पीकरच्या कुठल्याही जाहिरातीवर हा नियम लावून बघा, तिसरी गोष्ट कुठे लपवलीय ते सापडतं.

छोट्या पेटीची बाजी जिंकली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. १९५८ साली स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. एक कपाट कसंबसं दिवाणखान्यात खपवून घेतलेल्या घरांना आता दोन कपाटं हवी होती! अर्थात लोकांनी फळीवरचे स्पीकर घेतले. त्यांना पुरे पडतील असे ॲम्प्लिफायर लगोलग आले. डायनाकोचा १९५९चा 'स्टीरिओ ७०' प्रत्येक बाजूला ३५ वॅट देई. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले, जडशीळ ट्रान्सफॉर्मर गेले आणि वॅट पाण्यासारखे स्वस्त झाले. इतके, की आकडे फुगवणं हाच धंदा झाला. शेवटी १९७४ साली अमेरिकन सरकारला नियम करावा लागला की वॅट कसे मोजले ते सांगा. आपल्याकडे पुढे 'पीएमपीओ' लिहिलेले डबे आले ते आठवतात ना? मुठीएवढा स्पीकर आणि त्यावर हजार वॅट. तेवढे खरे असते तर इस्त्री करता आली असती :-)

थोडं विषयांतर. व्हिल्चरने १९६७ साली कंपनी विकली आणि तो श्रवणयंत्रांकडे वळला. हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी, आणि तेही वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगवेगळं, ही कल्पना त्याने १९७३ साली पेटंट न घेता खुली प्रसिद्ध केली. बाबांच्या कानात शेवटची काही वर्षं जे यंत्र होतं त्यात हीच युक्ती होती. म्हणजे ज्याने बाबांच्या पेटीचा जमाना संपवला त्यानेच शेवटी त्यांना तबला ऐकवला.

असो. आता दादाचा हिशोब. आजचा चांगला छोटा स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर साधारण ८४ डेसिबल देतो. बाबांच्या पेटीतल्यासारखा हलक्या शंकूचा १२ इंची स्पीकर ९५-९६ देतो. फरक १२ डेसिबलचा. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, म्हणजे दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट. म्हणजे बाबांचे दहा वॅट छोट्या स्पीकरला जोडले की ते पेटीवरच्या जेमतेम पाऊण वॅटाएवढे उरतात. गाणं हळू लावलं तर सरासरी आवाजाला तेही पुरतात, नाही म्हणत नाही. पण तबल्याची थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर सहज जाते आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. सरासरीला पाव-अर्धा वॅट लागत असेल तर थापेला पंचवीस ते पन्नास. दहावाला तिथे मान टाकणार. डग्ग्याचा घुमारा जाऊन नुसता 'थड' उरेल आणि दादा म्हणेल, जुन्या मशिनमध्ये काही दम नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. नवीन घ्यायचंच असेल तर आधी खोली मोजा, मग त्यात मावणारा स्पीकर ऐकून पसंत करा, त्याची डेसिबलची ओळ वाचा आणि सर्वांत शेवटी ॲम्प्लिफायर. आजकालचे डी वर्गाचे ॲम्प्लिफायर पन्नास-साठ खरे वॅट तळहाताएवढ्या डब्यात देतात, तापतही नाहीत. त्यात उगाच पैसे घालू नका, ते स्पीकरला द्या.

आणि बाबांची जोडी राहिली तर जोडीनेच राहील. एकट्या ॲम्प्लिफायरला शोकेसमध्ये दिवे लावून बसवायचं असेल तर त्यापेक्षा दोन्ही एखाद्या हौशी माणसाला द्यावं, तो वाजवेल तरी. पण देऊ नये असं मला वाटतं. पेटी एकच आहे, कारण सगळं मोनो आहे, आणि बाबांच्या बहुतेक तबकड्याही मोनोच आहेत. स्टीरिओसाठी दोन कोपरे लागतात, हिला एक पुरतो. कोपऱ्यात ठेवली की दोन भिंती खर्जाला हातभार लावतात, त्यामुळे शेजाऱ्यांना न उठवता हळू आवाजातही डग्गा भरीव ऐकू येतो.

दादाआधी वहिनीशीच बोललो. हॉलमधल्या एकुलत्या एक मोकळ्या कोपऱ्यात चपलांचं कपाट येणार होतं. "भावजी, चपला बाहेर ठेवू हो, माप सांगा," म्हणाली. पेटी सव्वादोन फूट रुंद आहे आणि बाल्कनीचं दार उघडताना चार बोटं कमी पडताहेत. दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावता येतील का, ते बघायला सुतार रविवारी येतोय.