लिनक्सचे मराठीकरण

लिनक्सचे मराठीकरण म्हणजे लिनक्स आणि त्यावर चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी लिहिण्याची, वाचण्याची, शोधण्याची व वर्णक्रमाने लावण्याची सोय करणे आणि पडद्यावरील सूचना मराठीत आणणे होय. हे काम साधारणतः २००० सालापासून मुंबई व पुणे येथील संस्था, कंपन्या आणि स्वयंसेवक यांच्या हातून होत आले आहे. 'मराठी लिनक्स' नावाचे वेगळे उत्पादन नाही. जगभर जे लिनक्स वापरले जाते, त्याच्याच मूळ संहितेत मराठीला जागा करून देण्यात आली. ती संहिता वाचण्याची व दुरुस्त करण्याची मुभा सर्वांना असल्यामुळे हे शक्य झाले.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कारणासाठी चालवणे, त्याचा अभ्यास करून ते बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, या चार स्वातंत्र्यांवर हा प्रकल्प उभा आहे. १९८९ साली आलेल्या ग्नू जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याने त्यांना कायदेशीर रूप दिले. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणालीविषयी जाहीर केले आणि १९९२ मध्ये तिचा गाभा याच परवान्याखाली आणला. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा मिळून जी प्रणाली होते, तिला व्यवहारात नुसते लिनक्स म्हणतात.

जुन्या फाँटांची अडचण

युनिकोडपूर्वीच्या काळात मराठी मजकूर प्रामुख्याने श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकलिखित होत असे. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत आणि प्रत्येक पद्धतीची मांडणी वेगळी असे. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तेथे तोच फाँट नसला, तर मराठी परिच्छेदाच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसे. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. त्यात एखादा शब्द शोधणे किंवा याद्या वर्णक्रमाने लावणे अशक्यप्राय होते. स्मरणिका, दिवाळी अंक, शाळांच्या प्रश्नपत्रिका असे कितीतरी साहित्य या रूपात साठले. पुढे ते युनिकोडमध्ये आणण्यासाठी प्रत्येक फाँटकरिता वेगळे परिवर्तक लिहावे लागले. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकत असल्यामुळे मुद्रितशोधनही नव्याने करावे लागते.

ही फाँटव्यवस्था मुख्यतः विंडोज व मॅकिंटॉश यांच्यासाठी होती. त्यामुळे लिनक्सवर मराठी आणायची तर युनिकोडवाचून पर्याय नव्हता. त्या वेळी ही उणीव वाटली, पण पुढे तिचा फायदाच झाला, कारण लिनक्सवर टंकलेल्या मराठी मजकुराला सहसा परिवर्तकाची गरज पडली नाही.

अक्षरे पडद्यावर येण्याची प्रक्रिया

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. तिची मांडणी भारतीय मानक 'इस्की'च्या १९८८ मधील आवृत्तीवरून घेतलेली आहे. तथापि अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे ते नीट दिसते असे नाही. 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग वेलांटी टंकली जाते, पण वेलांटी दिसायला हवी डावीकडे. 'कर्म' या शब्दात 'र' आधी टंकला तरी रफार 'म'च्या डोक्यावर जातो. ही फिरवाफिरव करणाऱ्या घटकाला आकारण यंत्रणा म्हणता येईल. लिनक्सवर हे काम आधी 'पँगो' आणि 'क्यूटी' यांनी केले. पँगोवर आधारलेला ग्नोम डेस्कटॉप २००२ मध्ये आला आणि भारतीय लिप्यांचा मार्ग मोकळा झाला. पुढे 'हार्फबझ' या मुक्त यंत्रणेने बहुतेक ठिकाणी हे काम हाती घेतले. लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड या सर्वांत आज तीच आहे.

मराठीची म्हणून जी खास अडचण आहे, ती येथे ध्यानात घेतली पाहिजे. हिंदीत 'र' पुढच्या अक्षराला जोडला की रफार होतो. मराठीत मात्र 'दर्या' आणि 'दऱ्या' हे वेगळे शब्द आहेत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद तर पंगतीला बसलेल्या कोणालाही कळेल. 'ऱ्य'मधील अर्ध्या 'र'साठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला 'ऱ' वापरण्याची पद्धत ठरली. प्रत्येक फाँटाने आणि प्रत्येक आकारण यंत्रणेने ती पाळावी लागते. एखाद्या फाँटात हा नियम राहून गेला, तर 'सुऱ्या'च्या जागी 'ऱ'खाली पाय मोडलेले विद्रूप अक्षर दिसते. बंद सॉफ्टवेअरमध्ये असा दोष आढळला, तर निर्मात्याला कळवून वाट पाहणे एवढेच हाती राहते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो कोणत्या ओळीत आहे हे मराठी जाणणारा अभियंता स्वतः पाहू शकतो आणि दुरुस्ती पाठवू शकतो.

दुसरा प्रश्न 'ॲ'चा. 'ॲप' किंवा 'ॲसिड' यांतील या स्वराला स्वतंत्र क्रमांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली मिळाला. तोवर 'अ'पुढे अर्धचंद्र टंकून काम भागवले जात होते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणक त्यांना वेगळी समजतो. त्यामुळे जुन्या पद्धतीने लिहिलेला शब्द नव्या पद्धतीने शोधल्यास सापडतोच असे नाही.

वर्णक्रमाचेही तसेच आहे. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, तर मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो आणि त्यापुढे 'क्ष' व 'ज्ञ' येतात. नुसत्या क्रमांकावर विसंबले तर शब्दकोशाचा क्रम बिघडतो. त्यासाठी, तसेच वार, महिने, चलन व अंक लिहिण्याच्या पद्धतीसाठी, ग्नूच्या मूळ ग्रंथालयात भारतातील मराठीकरिता स्वतंत्र स्थानिक नियमावली ठेवलेली आहे.

मुक्त फाँट

रेड हॅट कंपनीने २००४ साली 'लोहित' ही फाँटमालिका मुक्त परवान्याखाली खुली केली. तिचे मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरवले होते. श्रीलिपी याच कंपनीची, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. २०११ साली लोहितचा परवाना बदलून ओपन फाँट लायसन्स करण्यात आला. लोहित देखणा नाही, पण बहुतेक लिनक्स वितरणांत तो आयता मिळत गेल्याने मराठी मजकूर चौकोनांऐवजी अक्षरांत दिसू लागला. इंडिकट्रान्स गटाचा 'गार्गी' हाही त्याच काळातील मुक्त फाँट.

सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले आणि पुढे जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांचे काम केले. विंडोजमधील प्रसिद्ध 'मंगल' फाँट त्यांचाच. हे केंद्र नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाले. मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'मुक्त' व 'बलू' हे मुक्त परवान्याचे फाँट केले, तर राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' व 'यशोवेणू' हे युनिकोड फाँट उपलब्ध करून दिले. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला जाहीर केल्यावर या आकारांचा आग्रह वाढला. एकाच फाँटात दोन्ही वळणे ठेवून मजकुराची भाषा मराठी असल्यास मराठी वळण दाखवण्याची सोय आता करता येते. मात्र मजकुराची भाषा सॉफ्टवेअरला सांगितलेली असावी लागते, आणि तेच बहुधा विसरले जाते.

सूचनांचे भाषांतर

व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी २००० सालाच्या सुमारास सुरू केलेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतील भाषांतराला चालना दिली. मराठीत ग्नोम, केडीई, फेडोरा, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांची भाषांतरे झाली. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील भाषांतरकार व बाहेरचे स्वयंसेवक यांचा त्यात मोठा वाटा आहे.

भाषांतराची फाइल साधी असते. एका ओळीत मूळ इंग्रजी वाक्य आणि खालच्या ओळीत मराठी. भाषांतरकाराला प्रोग्रामिंग यावेच लागते असे नाही, उत्तम मराठी मात्र यावे लागते. कारण इंग्रजी वाक्यात एखाद्या नावासाठी रिकामी जागा सोडलेली असते आणि इंग्रजीत तेथे कोणतेही नाव बसते. मराठीत बसत नाही. घड्याळाच्या किंवा हवामानाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थानाच्या नावापुढे 'मध्ये' जोडायचे असेल, तर मध्य रेल्वेवर नाहूर आणि मुलुंडपर्यंत सारे सुरळीत चालते. 'नाहूरमध्ये', 'मुलुंडमध्ये'. पुढच्याच ठाणे स्थानकावर गाडी अडते, कारण 'ठाणेमध्ये' हे मराठी नव्हे. 'ठाण्यामध्ये', 'कळव्यामध्ये' ही सामान्यरूपे यंत्राला ठाऊक नसतात. लिंगाची गतही तीच. फोल्डर हटवला, फाइल हटवली, चित्र हटवले. आणि वाक्य मात्र एकच. म्हणून अनुभवी भाषांतरकार 'या ठिकाणी' अशी रचना करतात किंवा क्रियापदाऐवजी 'हटवणे पूर्ण' असे नाम ठेवतात. त्यामुळे वाक्य थोडे कोरडे होते, पण अशुद्ध होत नाही.

परिभाषेचा वाद जुना आहे. फाइलला 'धारिका' म्हणावे की 'संचिका', क्लिकला 'टिचकी' म्हणावे की 'क्लिक'च, डाउनलोडला 'उतरवून घेणे' म्हणावे की 'अधिभारण', यांवर भाषांतरकारांत एकमत नव्हते. एकाच पडद्यावर दोन सॉफ्टवेअर दोन शब्द वापरीत. यावर उपाय म्हणून पुण्यातील रेड हॅटमधून 'फ्युएल' हा उपक्रम सुरू झाला. त्यात वारंवार येणाऱ्या सूचनांच्या याद्या करून प्रत्येक भाषेतील जाणकारांनी एकत्र बसून प्रतिशब्द ठरवावेत, अशी योजना होती. 'जतन करा', 'रद्द करा' हे शब्द आज रुळले आहेत. 'अधिभारण' रुळला नाही, आणि त्याची खंत करण्याचे कारणही दिसत नाही.

केलेले भाषांतर टिकवणे हे पहिल्यांदा करण्याइतकेच कष्टाचे असते. नव्या आवृत्तीत मूळ इंग्रजी वाक्यातला एक शब्द बदलला, तरी जुने मराठी वाक्य 'संदिग्ध' ठरते आणि कोणी तपासेपर्यंत पडद्यावर पुन्हा इंग्रजी येते. कंपनीने भाषांतरकारांना दुसरे काम दिले किंवा एखादा स्वयंसेवक थकला, की दोन-तीन वर्षांत अर्धा पडदा इंग्रजी होतो. मराठीकरणाची खरी दुर्बलता येथे आहे. संहिता खुली असली तरी हात थोडे आहेत.

शिक्षणक्षेत्र

मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे मुंबईच्या पूर्व उपनगरांतील मुक्त सॉफ्टवेअरचे एक महत्त्वाचे ठिकाण राहिले. तेथील जी. नागार्जुन यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे अध्यक्षपद भूषवले. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग झाला, त्याच्याशी या केंद्राचे अभ्यासकही जोडले गेले. शाळेत सुमारे वीस मुले होती. त्यांना मिळालेल्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स व त्यावरील 'शुगर' हे मुलांसाठीचे वातावरण होते. पहिली ते चौथीचे वर्ग एका खोलीत बसणाऱ्या, मुंबईपासून फार दूर नसलेल्या वाडीतील मुलांनी आयुष्यातला पहिला संगणक लिनक्सचा पाहिला.

पवईच्या आयआयटीतील कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेले 'फॉसी' आणि 'स्पोकन ट्युटोरियल' हे प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या साह्याने उभे राहिले. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब इत्यादींचे छोटे ध्वनिचित्रपाठ त्यांनी तयार केले असून त्यांतील अनेकांचे मराठी निवेदनही मिळते. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीत आणि समजावणे मराठीत, अशी त्यांची पद्धत आहे. भाषांतराचा कडवा पुरस्कर्ता तिला तडजोड म्हणेल. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला मात्र ती उपयोगी पडते.

केरळने २००० च्या दशकात सरकारी शाळांचे संगणकशिक्षण लिनक्सवर नेले. महाराष्ट्रात असे घडले नाही. येथे संगणकसाक्षरतेचा सर्वाधिक प्रचलित अभ्यासक्रम असलेल्या एमएस-सीआयटीचा भर विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवरच राहिला. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित 'बॉस' ही मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली आणली आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मात्र घरोघरच्या वापरात त्यामुळे मोठा बदल झाला नाही.

लिनक्सप्रेमींमधील मतभेद

बाहेरून एकसंध दिसणारा हा वर्ग आतून बराच वादप्रिय आहे. पहिला वाद नावाचा. स्टॉलमन यांचे अनुयायी 'ग्नू/लिनक्स' म्हणण्याचा आग्रह धरतात. दुसरा अधिक गंभीर आहे. १९९८ साली 'ओपन सोर्स' ही संज्ञा पुढे आली. तिचे पुरस्कर्ते खुल्या संहितेमुळे सॉफ्टवेअर अधिक चांगले होते असे सांगतात, तर 'मुक्त सॉफ्टवेअर'वाले हा गुणवत्तेचा नव्हे, हक्काचा प्रश्न मानतात. इंग्रजीत 'फ्री' या शब्दाचे फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ होत असल्याने तेथे गोंधळ होतो. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे शब्द मुळातच वेगळे असल्याने तो होण्याचे कारण नव्हते. तरीही 'लिनक्स फुकट मिळते' असाच प्रचार अधिक झाला. पैसे न देता मिळालेली विंडोजची अनधिकृत प्रत ज्याच्या संगणकावर आहे, त्याला या युक्तिवादाचे काय अप्रूप?

वाय-फायसारख्या उपकरणांसाठी लागणारी बंद फर्मवेअर स्वीकारावी काय, हाही असाच प्रश्न. शुद्धतेबद्दल प्रसिद्ध असलेल्या डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन ती स्थापनेच्या प्रतीत समाविष्ट करण्याचा निर्णय केला. लिनक्सला विषाणूंचा धोकाच नाही, हे उत्साही मंडळींचे विधान अतिशयोक्त आहे. धोका कमी असतो, नसतो असे नाही.

इंटरफेस मराठीत वापरावा की नाही, याबाबत खुद्द मराठी लिनक्सप्रेमींतही दोन तट आहेत. अडचण आली की तिचे उत्तर इंग्रजीत शोधावे लागते, म्हणून सूचनाही इंग्रजीतच बऱ्या, असे अनेकजण म्हणतात. त्यामुळे मराठी भाषांतरातील चुका कळवणारे वापरकर्तेच कमी पडतात.

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. मराठी भाषकांपैकी असंख्य लोक त्यामुळे नकळत लिनक्स वापरतात. मात्र त्यावरील गूगलच्या अनेक सेवा बंद असल्याने त्याला मुक्त प्रणाली म्हणावे का, यावर एकमत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया लिनक्सच्याच सर्व्हरांवर आणि मुक्त परवान्याच्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो.