अद्भुत कादंबरी, किशोरांसाठी

जादू, अज्ञात प्रदेश किंवा कल्पित विज्ञान यांवर बेतलेली, कुमारवयीन वाचकांसाठीची हलकीफुलकी कादंबरी. मराठीत तिची पूर्वपीठिका परीकथांत (पहा : परीकथा) व ‘चांदोबा’ मासिकातील क्रमशः कथांत आहे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या ‘चंद्रावर स्वारी’सारख्या रूपांतरांतून मुलांपर्यंत पोहोचवल्या, या प्रकाराला त्यांनीच खरे बळ दिले. पुण्यात शिकणारा त्यांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे मात्र साहसकथेतला (पहा : साहसकथा). बालनायक, छोटी प्रकरणे, वेगवान संवाद ही अद्भुत कादंबरीची वैशिष्ट्ये. जी. ए. कुलकर्णींच्या ‘बखर बिम्मची’त पशुपक्षी बोलतात. पुढे ‘हॅरी पॉटर आणि परीस’सारख्या अनुवादांमुळे दीर्घ अद्भुतकथाही मुले मराठीतून वाचू लागली.