दर ५०० मैलांची अट

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकामागे, किंगपिनपाशी, बोटाच्या पेराहून लहान असं धातूचं एक बोंड असतं. गॅरेजमध्ये त्याला निप्पल म्हणतात. टोकाला भोक, भोकात छर्रा, छर्‍यामागे स्प्रिंग. ग्रीसगनचा दाब आला की छर्रा मागे सरतो आणि ग्रीस आत जातं. दाब गेला की छर्रा जागेवर येतो आणि धुळीला दार बंद होतं. माणूस आणि मोटार यांचं नातं शंभर वर्षांत कसं बदललं, हे मला या बोंडाइतकं दुसऱ्या कुठल्याच सुट्या भागात स्पष्ट दिसत नाही.

धातूवर धातू घासला की झीज होणार, हे बैलगाडी हाकणाऱ्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर गाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. सुरुवातीच्या मोटारीही याच वळणाच्या होत्या. फोर्डच्या मॉडेल टीवर ग्रीसच्या छोट्या वाट्या होत्या. वाटीची टोपी हाताने पिळली की थोडं ग्रीस आत ढकललं जाई. दाब बोटांचा, त्यामुळे साचलेली घाण बाहेर पडेलच याची खात्री नसे.

शिकागोमधला आर्थर गुलबोर्ग वडिलांच्या कारखान्यात यंत्रांच्या अशाच वाट्या भरून वैतागला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने स्क्रूच्या दाबाने ग्रीस ढकलणारी गन आणि तिला जोडायचं तोंड तयार केलं. त्याचं नाव ‘अ‍ॅलेमाइट’. पण प्रत्येक ठिकाणी गनची नळी अडकवायची, पुन्हा सोडवायची, हा व्याप होताच. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ऑस्कर झर्कने तोही संपवला. त्याच्या बोंडावर गन नुसती टेकवून दाबायची. १९२९ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. तिथले मेकॅनिक आजही या बोंडाला ‘झर्क’च म्हणतात.

काम सोपं झालं, पण संपलं नाही. फोर्डच्या मॉडेल एला दर ५०० मैलांनी ग्रीस भरावं लागे. मोटार विकत घेणं म्हणजे ही अट मान्य करणं. अट पाळणारी माणसं अर्थातच वेगळी. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोलपंपांवर ‘वॉशिंग-ग्रीसिंग’ अशा पाट्या असत. त्या पाटीखालच्या खड्ड्यात उतरून, डोक्यावर चिखल झेलत, कुणीतरी पोऱ्या ही अट पाळत असे.

मग कंपन्यांनी अटच सैल करायला घेतली. १९६१ मध्ये फोर्डने ३०,००० मैल ग्रीस न लागणाऱ्या गाड्यांची जाहिरात केली. रबरी आवरणं सुधारली, प्लास्टिकची अस्तरं आली आणि कारखान्यातच ग्रीस भरून कायमचे बंद केलेले सांधे रूढ झाले. यात निव्वळ लबाडी नव्हती. बहुतेक मालक ग्रीसिंग विसरत, आणि कोरडा सांधा जीवावर बेतू शकतो.

भारतात मात्र घड्याळ मागे राहिलं. इटलीच्या फियाट ११०० चा आराखडा कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी या नावाने विसावं शतक सरेपर्यंत जगला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, बंद सांधे घेऊन. तरी मुंबईची काळी-पिवळी निप्पलांवरच धावत राहिली. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली.

माझ्याकडच्या पद्मिनीची निप्पलं मी नुकतीच बदलली. काम अवघड नाही, घाईचं मात्र नाही. आधी फडक्याने आजूबाजूची माती पुसायची, नाहीतर तीच आत जाते. जुनं निप्पल हातात घेऊनच दुकानात जायचं, कारण आटे जुळले नाहीत तर भोकाचे आटे कायमचे जातात. आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं असेल तर तारेने कोरून काढायचं. नवं निप्पल आधी बोटांनी फिरवायचं, पान्हा अगदी शेवटी आणि हलकाच. मग जॅकवर उचललेली गाडी स्टँडवर ठेवायची. चाक अधांतरी राहिलं की किंगपिनवरचा भार उतरतो आणि एरवी दबलेल्या जागेतही ग्रीस पोचतं. गन दाबत राहिलं की कडेने आधी काळं, मग कचकचीत आणि शेवटी स्वच्छ ग्रीस बाहेर येतं. स्वच्छ दिसलं की थांबायचं.

बंद सांध्यात हे पाहायची सोय नाही. तो मुकाट झिजतो आणि खडखडू लागला की फेकून द्यावा लागतो. त्या खड्ड्यातल्या पोऱ्याचे हाल आठवले की जुन्या काळाचे गोडवे मला गाववत नाहीत. निप्पल हीसुद्धा कष्ट टाळण्यासाठीच शोधलेली युक्ती होती. फरक इतकाच, की झर्कने कष्ट कमी केले, पण दार ठेवलं. पुढच्यांनी कष्टांबरोबर दारही बुजवलं. आज बॅटरी न बदलता येणारा फोन आपण बिनतक्रार विकत घेतो, त्याची सवय आपल्याला अशाच बुजवलेल्या दारांनी लावली आहे.